बारा फुटी आजोबा

त्या रविवारी पडद्याचं कापड पहिल्याच दुकानात घेऊन झालं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं, असं तपशीलरावांची बायको आजही म्हणते. खरं तर तिला ते पसंत पडलं होतं. तपशीलरावांनीच मध्ये तोंड घातलं आणि धुतल्यावर कापड किती इंच आटेल ते विचारलं. दुकानदार म्हणाला, फारसं नाही. ‘फारसं’ म्हणजे नक्की किती, असं तपशीलरावांनी विचारल्यावर दुकानदाराने मुकाट्याने कापडाची गुंडाळी करायला घेतली. तेव्हा बायको फार गोड आवाजात म्हणाली, “अहो, तुम्ही समोर सावलीत जाऊन बसता का जरा? मी येतेच अर्ध्या तासात.”

समोर नगर सभागृह होतं. दार उघडं होतं, आत गार होतं आणि बसायला भरपूर खुर्च्या होत्या. तपशीलराव शेवटच्या रांगेत टेकले, आणि पुढच्या भिंतीवरचा ऑर्गन वाजू लागला.

(ऑर्गन म्हणजे मांडीशी ओढून वाजवायची पेटी नव्हे. हा भिंतभर पसरलेला असतो. वाजवणारा खाली बसून हातांनी पट्ट्या दाबतो, पायांनीही पट्ट्या दाबतो, मग भात्यातला वारा नळ्यांत शिरतो आणि नळ्या बोलतात. तुमच्या-माझ्यासारख्याला एवढी माहिती पुष्कळ झाली. तपशीलरावांना ती पुरली नाही, म्हणून ही गोष्ट.)

अर्ध्या तासाने बायको कापड घेऊन आली तेव्हा नवरा डोळे मिटून बसलेला. झोप लागली असेल म्हणून तिने खांदा हलवला. “शू,” तपशीलराव म्हणाले. एकोणीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला ‘शू’ म्हणण्याची ही पहिलीच वेळ. ती इतकी चकित झाली की खरंच गप्प बसली. आपलं चुकलं ते तिथे, असं तिचं दुसरं म्हणणं आहे.

तपशीलराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. ते कचेरीतून चिकटलेलं. ते पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होते. सव्वीस वर्षं शहरातल्या एकूण एक पाइपाची फाइल त्यांच्या टेबलावरून गेली होती, पण पाइपाला हात लावायचा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता. घरातला नळ गळू लागला की ते आधी तो कोणत्या साली बसवला याचा शोध घेत. तो लागेपर्यंत बायको आपल्या धाकट्या भावाला बोलावून घेई. हा मेहुणा प्लंबर होता. हाताने काम करणाऱ्या माणसाला त्या कामातलं फारसं कळत नसतं, असं तपशीलरावांचं मेहुण्याबद्दल मत होतं, आणि तिथे मात्र त्यांनी ‘फारसं’ म्हणजे किती ते कधी मोजलं नाही.

सभागृहात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ऑर्गन वाजे. ऐकायला बारा-तेरा माणसं असत. त्यातली सहा ऑर्गनप्रेमी मंडळाची, बाकीची सावलीसाठी आलेली. मंडळातल्या एकालाही ऑर्गन वाजवता येत नसे, आणि याचा मंडळाला अभिमान होता. “वाजवणारा माणूस पट्ट्यांत गुंतलेला असतो. त्याला ऐकायला सवड कुठे?” असं अध्यक्ष म्हणत. अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य होते. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या तोंडात हात घालून बोलायची सवय झाल्यामुळे समोरचा उत्तर देईल अशी अपेक्षा त्यांना उरली नव्हती.

वाजवायला एक बाई येत. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्या पिशवीतून पातळ तळव्याचे बूट काढत, ते घालून तासभर वाजवत, पुन्हा बूट बदलत आणि पिशवी उचलून निघून जात. मंडळ त्यांच्याशी फारसं बोलत नसे. एकदा त्यांनीच जाता जाता अध्यक्षांना म्हटलं, “त्या पुढच्या नळ्यांचं कसं आहे माहितीय का—” अध्यक्षांनी त्यांना तिथल्या तिथे थांबवून पुढच्या नळ्यांचं कसं असतं ते वीस मिनिटं समजावून सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, पिशवी उचलली आणि त्या गेल्या.

पुढच्या नळ्या म्हणजे ऑर्गनच्या दर्शनी भागात उभ्या असलेल्या नऊ चकचकीत नळ्या. मधली सगळ्यांत उंच, बारा फूट. तिला मंडळात ‘आजोबा’ म्हणत. ऑर्गनचा सगळ्यांत खालचा सूर, जो कानापेक्षा खुर्चीलाच आधी कळतो, तो आजोबांचा असं मंडळ मानत आलं होतं.

तपशीलराव दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा शेजारी मंडळाचे चष्मेवाले बसले होते. (त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. मंडळात नजरेबद्दल कुणी बोलत नसे, त्यामुळे त्यांना कानाबद्दल बोलावं लागे.) एक तुकडा वाजून संपला तसे ते तपशीलरावांकडे झुकून म्हणाले, “आजोबा ऐकलेत ना?”

तपशीलरावांना वेगळं असं काही ऐकू आलं नव्हतं. पण सव्वीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस ‘मला माहीत नाही’ असं कधी म्हणत नाही. “ऐकले,” ते म्हणाले, आणि फाइलीवर शेरा मारावा तसं पुढे म्हणाले, “आज थोडे बसलेत.”

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. पुढच्या रांगेतून अध्यक्षांनी मान वळवली. “तुम्हालाही वाटलं?” अध्यक्ष म्हणाले. “माझ्या अगदी ओठांवर होतं.” त्या दिवशी मंडळाच्या सभासदांची संख्या सहाची सात झाली.

इथे तपशीलरावांवर अन्याय व्हायला नको. आधी ती थाप होती, पण पुढे त्यांना खरोखर ऐकू येऊ लागलं. तो खालचा सूर लागला की छातीत काहीतरी हलायचं, आणि आठवडाभराचे अर्ज, स्मरणपत्रं आणि साहेबांचे शेरे कुठल्या कुठे जायचे. ते त्या मधल्या उंच नळीकडे पाहत राहायचे आणि त्यांचे डोळे भरून यायचे. आनंद झाला की माणसाला कुणाला तरी सांगावंसं वाटतं. बायकोने तीनदा ऐकून घेतलं आणि चौथ्यांदा भाजी चिरायला दिली. मग त्यांनी मंडळाच्या पत्रिकेत लेख लिहिला. ‘आजोबांचा स्वर : एक अनुभव’, पानं अकरा. मंडळात तो लेख वाचून दाखवला गेला आणि आजोबांच्या बाबतीत तपशीलरावांचा शब्द प्रमाण झाला.

अशात सभागृहाला रंग द्यायचं निघालं. भिंत रंगवायची म्हणजे पुढच्या नऊ नळ्या महिनाभर खाली उतरवायला हव्यात. सभागृहाचा रखवालदार म्हणाला, कोठीत ठेवू. मंडळाने हे ऐकून कपाळाला हात लावला. नळ्या सभासदांनी आपापल्या घरी सांभाळायच्या असं ठरलं. बाईंना विचारायचा प्रश्न नव्हता. त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे गेल्या होत्या, आणि इथे असत्या तरी कुणी विचारलं नसतं.

प्रश्न आजोबांचा होता. मंडळाच्या चिटणिसांची नुकतीच बदली होऊन ती जागा रिकामी झाली होती, आणि अध्यक्षांनी सभेत जाहीर केलं, “जो आजोबांना नीट सांभाळील, तोच चिटणीस.” हे ऐकून तपशीलरावांच्या कानशिलांवरून ऊन वारा गेला. कचेरीत ते हेडक्लार्क होते आणि हेडक्लार्क म्हणूनच निवृत्त होणार होते. पत्रिकेवर खाली सही करायची, इतिवृत्त लिहायचं, ‘चिटणीस’ म्हणून कुणीतरी हाक मारायची, हे त्यांना हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. चष्मेवाल्यांनाही ते हवं होतं, पण चष्मेवाल्यांच्या घराला मध्ये एक वळण होतं. तपशीलरावांनी खिशातून आपल्या घराचा मोजून काढलेला नकाशा काढला. बाहेरच्या खोलीच्या खिडकीपासून स्वयंपाकघरातल्या सिंकपर्यंत सरळ रेषेत चौदा फूट दोन इंच. आजोबा त्यांच्याकडे न्यायचं ठरलं.

आजोबा हातगाडीवरून आले. जिन्याच्या वळणावर ते अडकले आणि वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडकरूंना पाऊण तास खाली उतरता आलं नाही. शेवटी ते घरात शिरले आणि चार स्टुलांवर आडवे झाले. डोकं खिडकीशी येईल असा तपशीलरावांचा बेत होता, पण जिन्यातून उलटे वर आल्यामुळे पाय, म्हणजे नळीचं खालचं टोक, खिडकीशी आला आणि डोकं सिंकजवळ.

“किती दिवस?” बायकोने विचारलं.

“महिना. फार तर पाच आठवडे.”

“आणि स्वयंपाकघराचं दार?”

“ते काय, लागणार नाही.”

मग तपशीलरावांनी तिला कागदावर सूचना लिहून दिल्या. आजोबांवर काही वाळत घालू नये. ओलांडताना पाऊल उंच टाकावं. फोडणीचा वास लागू नये म्हणून पांघरूण घालून ठेवावं. पांघरूण म्हणून तिने जुनी चादर काढली, तर ते म्हणाले दुलई हवी. तिने दुलई घातली. दुसऱ्या दिवशी शेजारीण वाटीभर साखर मागायला आली, दुलईखालचा लांबलचक आकार पाहून दारातच थबकली आणि कुजबुजत्या आवाजात म्हणाली, “कोण हो?” तपशीलराव वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, “आजोबा.” शेजारीण तशीच मागे फिरली. संध्याकाळी तिच्याकडून पातेलंभर सूप आलं, आणि पुढचे चार दिवस येत राहिलं. बायकोने तिचा गैरसमज दूर केला नाही. (ती म्हणते, सूप चांगलं होतं.)

चौथ्या आठवड्यात स्वयंपाकघरातलं सिंक खालून गळू लागलं. तपशीलरावांनी ते कोणत्या साली बसवलं याचा शोध सुरू केला. बायकोने खाली बादली लावली, दोन दिवस वाट पाहिली आणि गुरुवारी ते कचेरीत गेल्यावर भावाला बोलावलं.

संध्याकाळी तपशीलराव घरी आले तर मेहुणा चहा पीत बसलेला. सिंकखाली कोरडं ठणठणीत होतं. दुलई घडी करून खुर्चीवर ठेवली होती.

“दाजी, राग मानू नका,” मेहुणा म्हणाला, “पण पाइप घेताना बघून घेत जा.”

“कसला पाइप?”

“हा काय. पोटाला एवढी मोठी चीर. माझा अख्खा पंजा गेला आत. तुम्ही पाणीखात्यात आणि तुम्हालाच फुटका पाइप देऊन गंडवलं म्हणजे कमाल झाली. पण काळजी करू नका. वरून पत्रा बसवला आणि चारी बाजूंनी शिसं वितळवून डाग दिला. आता थेंब गळायचा नाही.”

तपशीलरावांनी पाहिलं. ऑर्गनच्या नळीला खालच्या बाजूला एक आडवी फट असते. तिला दोन ओठ असतात. त्या ओठांतून वारा फुटला की नळी बोलते. अकरा पानांच्या लेखात या ओठांवर दीड पान होतं. तिथे आता चौकोनी, चकचकीत, अतिशय नीटनेटका डाग दिलेला पत्रा होता.

“ती चीर नव्हती,” ते म्हणाले. “ते तोंड होतं.”

“पाइपाला तोंड कशाला?”

“गायला.”

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने सिंककडे पाहिलं. “हल्ली ऑफिसात फार काम पडतं का?” मेहुण्याने हळूच विचारलं.

“काढ तो पत्रा. आत्ताच्या आत्ता काढ.”

“निघायचा नाही, दाजी. माझा डाग आहे तो. उलटा ताव द्यायला गेलो तर खालचा पातळ पत्रा वितळेल आणि हे एवढं भगदाड पडेल.” मेहुणा कप खाली ठेवून उठला. “आणि आणखी एक. याचं हे खिडकीकडचं टोकही बंदच आहे. मला वाटलं कचरा अडकलाय, म्हणून सळई घालून पाहिली. तर नाही, मुळातच ओतून बंद केलंय. मग यातून काही जाणार कसं? कुणी विकला हो तुम्हाला?”

पण तपशीलरावांना यातलं काही ऐकू गेलं नाही. त्यांना समोर रविवार दिसत होता. रंगकाम संपलं होतं, शनिवारी नळ्या परत चढायच्या होत्या आणि रविवारी बाई वाजवणार होत्या. तो खालचा सूर यायच्या जागी सभागृहभर शांतता पसरेल आणि मंडळाची पाच माणसं वळून त्यांच्याकडे पाहतील.

शुक्रवारी त्यांनी रजा काढली आणि अध्यक्षांना पत्र लिहायला बसले. ‘कळविण्यास अत्यंत खेद वाटतो की’ अशी सुरुवात करून त्यांनी तीन पानं भरली आणि बायकोला वाचायला दिली.

“यात सगळा दोष सिंकचा आहे असं वाटतं,” ती म्हणाली.

“तसंच लिहिलंय.”

“द्यायचंय का हे?”

तपशीलरावांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, “अगं, मला आयुष्यात एकदाच काहीतरी कळलं होतं. तेही असं गेलं.” बायकोने पत्र घडी करून डब्याखाली सरकवलं, कपाटातून बुटाचं काळं पॉलिश काढलं आणि एक जुनी काडी घेऊन आजोबांजवळ बसली. “तोंड कसं होतं ते सांगा,” ती म्हणाली. तपशीलराव सांगत गेले, ती रंगवत गेली. वरचा ओठ, खालचा ओठ, मध्ये काळी फट. चार हात लांबून पाहिलं तर आजोबा पुन्हा बोलतील असं वाटत होतं. “लांबूनच बघायचं असतं ना?” तिने विचारलं, आणि त्या क्षणी तपशीलरावांना आपल्या बायकोविषयी जे वाटलं ते त्यांनी बोलून दाखवायला हवं होतं. ते म्हणाले, “वरचा ओठ अर्धा इंच जास्त झालाय.”

शनिवारी आजोबा परत जागेवर चढले. अध्यक्षांनी खालून टॉर्च मारून एकेक नळी तपासली. चाळीस वर्षं तोंडं तपासलेला माणूस. आजोबांपाशी प्रकाशाचा झोत थांबला तेव्हा तपशीलराव भिंतीच्या नव्या रंगाकडे पाहू लागले. “वा,” अध्यक्ष म्हणाले, “ओठ कसे नीट राखलेत बघा. शिका.” चष्मेवाल्यांनी नाइलाजाने मान हलवली.

रविवारी बायको आली आणि तिच्याबरोबर मेहुणाही आला. आपला डाग एवढ्या उंच जागी चढवलाय हे ऐकून त्याला पाहायची हौस होती. बाई डोळ्यांवर काळा चष्मा लावून आल्या, बूट बदलले, बसल्या. तपशीलरावांना तो तुकडा पाठ होता. शेवटाकडे सगळे सूर वर चढत जातात, मग क्षणभर थांबतात, आणि मग तळातून आजोबा येतात. सूर वर चढू लागले तसा त्यांनी बायकोचा हात घट्ट धरला. सूर थांबले. तपशीलरावांनी डोळे मिटले.

आणि आजोबा बोलले.

खुर्ची थरारली, छातीत नेहमीसारखं हललं. त्यांनी डोळे उघडून पाहिलं. पॉलिशचं तोंड जसंच्या तसं बंद होतं आणि सूर येतच होता, पूर्वीइतकाच खोल, पूर्वीइतकाच मोठा. आपल्याला वेड लागलं असं त्यांना वाटलं. मग वाटलं, चमत्कार झाला. मग वाटलं, झालं ते झालं, आता गप्प बसावं. हा तिसरा विचार त्यांना एकदम पटला.

टाळ्या झाल्या. (तेरा माणसांच्या जेवढ्या होतात तेवढ्या.) अध्यक्ष उठून उभे राहिले. “मित्रहो,” ते म्हणाले, “आजोबा आजच्याइतके मोकळे कधीच लागले नव्हते. एका भक्ताच्या घरी महिनाभर राहून आल्याचा हा परिणाम. तेव्हा मंडळाचे नवे चिटणीस म्हणून—”

“मोकळे कसे लागतील?” मागून मेहुणा म्हणाला. त्याच्या आवाजाला सिंकखालून बोलायची सवय होती, त्यामुळे तो सभागृहभर गेला. “मधला ना तो? तो मी बंद केलाय.”

बायकोने त्याची बाही ओढली, पण आपल्या कामाचं श्रेय जाताना पाहून गप्प बसेल तो कारागीर कसला. “चांगला डाग दिलाय चारी बाजूंनी. वरून ताईने तोंड काढलंय. खोटं वाटत असेल तर शिडी लावून बघा.”

शिडी भिंतीशीच होती. अध्यक्ष स्वतः चढले, अंगठा फिरवला आणि खाली उतरले. अंगठा काळा झाला होता. ते बराच वेळ अंगठ्याकडे पाहत राहिले. आत्ताच आपण ‘मोकळे’ म्हणालो हे त्यांना आठवत होतं, आणि बाकीच्या पाच जणांनाही आठवत होतं. चष्मेवाले खाकरले.

“मला आज थोडे बसलेलेच वाटले होते,” ते म्हणाले.

“माझ्या अगदी ओठांवर होतं,” अध्यक्ष ताबडतोब म्हणाले. मग एकेकाला आठवू लागलं. कुणाला पहिल्याच सुराला शंका आली होती, कुणाला तर नळी शिडीवरून वर चढतानाच. पाच मिनिटांत अशी परिस्थिती झाली, की त्या सभागृहात आजोबांचा सूर नीट ऐकलेला एकच इसम उरला, आणि तो म्हणजे तपशीलराव.

तेवढ्यात बाई आल्या. एका पायात बूट, एका पायात चप्पल. “कशावरून एवढं चाललंय?” त्यांनी विचारलं. कळल्यावर त्या म्हणाल्या, “अहो, ती नळी कधीच वाजत नव्हती. पुढच्या नऊही नळ्या शोभेच्या आहेत. त्यांची खालची टोकं बंद आहेत, वारा जाणार कुठून? तो सूर मागच्या लाकडी नळीचा. चौकोनी आहे, खोक्यासारखी दिसते, म्हणून मागे उभी केलीय. मी मागेच सांगत होते.”

“मी पण सांगत होतो,” मेहुणा म्हणाला. “सळई घालून पाहिली होती.”

अकरा पानं तपशीलरावांच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेली. आपल्यावर आळ राहिला नाही, याचा आनंद मानायचा की आपण दोन वर्षं एका शोभेच्या नळकांड्याकडे पाहून रडलो याचं दुःख करायचं, हे त्यांना ठरवता येईना. तरी त्यांनी मान वर केली. निदान सुटका तरी होती.

अध्यक्षांनी बाईंचं सगळं ऐकून घेतलं. हे पूर्वी कधी घडलं नव्हतं. “बाई,” ते मग फार मायेने म्हणाले, “तुमचं नुकतंच डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. तुम्ही विश्रांती घ्या. वाद्याचं आम्ही बघतो.” आणि मंडळाकडे वळून त्यांनी ठराव मांडला, की आजोबांचं तोंड कायमचं बंद करणाऱ्या सभासदाचं नाव कमी करण्यात यावं, रिकाम्या जागी चष्मेवाले यांची चिटणीस म्हणून नेमणूक व्हावी, आणि मुकी नळी सभागृहाला शोभत नसल्याने ज्याने ती मुकी केली त्यानेच ती घेऊन जावी. ठराव एकमताने पास झाला. विरोधात एकट्या तपशीलरावांचा हात वर गेला, पण ते तोवर सभासद राहिले नव्हते.

बाईंनी या ठरावाकडे लक्ष दिलं नाही. त्या मेहुण्याकडे पाहत होत्या. “तुम्ही सळई घालून पाहिलीत?” त्यांनी विचारलं. “जरा आत येता? भात्याजवळ अकरा वर्षं एक फट आहे. सारखी सूं सूं करते. मंडळाला सांगितलं तर त्यांनी तिच्यावर लेख लिहिला.” मेहुणा आपली हत्यारांची पिशवी घेऊन आत गेला आणि तिकडून डाग द्यायची बत्ती पेटल्याचा आवाज आला.

त्याला आता सहा महिने झाले. दर पहिल्या रविवारी मेहुणा बाईंच्या मदतीला जातो आणि परतताना बहिणीकडे चहाला थांबतो. तो खालचा सूर आता पूर्वीपेक्षाही चांगला लागतो, असं तो सांगतो. मंडळाला मात्र तो ऐकू येईनासा झाला आहे. पुढची मधली जागा रिकामी दिसते तेव्हा सूर असणार कुठून? चष्मेवाल्यांनी पत्रिकेत त्यावर लेख लिहिला आहे, ‘आजोबांची पोकळी : एक अनुभव’. पानं बारा.

आजोबा घरीच आहेत. खिडकीपासून सिंकपर्यंत, चार स्टुलांवर. दुलई केव्हाच गेली. परवाच्या पहिल्या रविवारी सकाळी तपशीलराव बराच वेळ खिडकीशी उभे राहिले, मग हळूच खाली वाकले, आजोबांच्या टोकाला कान लावला आणि डोळे मिटले. सिंकपाशी बायको भांडी घासत होती.

“काय ऐकताय?”

“काही नाही,” तपशीलराव म्हणाले. मग राहवेना म्हणून म्हणाले, “आज थोडे बसलेत.”

“अहो,” बायको म्हणाली, “तिकडचं टोक बंद आहे. उघडं टोक माझ्याकडे आहे.”

तपशीलराव उठले, पाऊल उंच टाकून आजोबांना ओलांडलं आणि स्वयंपाकघरात आले. तिने आजोबांवर वाळत घातलेलं फडकं काढून त्यांच्या हातात दिलं.

“आलाच आहात तर भांडी पुसा,” ती म्हणाली.